एरंडीच्या तेलाचा हात

माय,

तुझा डबा सापडला. खरं तर तो माझा, पण घरात त्याला तुझाच म्हणायचे, कारण आधी त्यात तू शेवया ठेवायचीस आणि मी तो तुझ्याकडून रडून-भांडून मिळवला होता. भावानं यंदा स्वयंपाकघराचं जुनं छत उतरवून स्लॅब टाकायला काढला, तेव्हा माळ्यावरच्या सामानात तो निघाला. भावाचा फोन आला, "तुह्या क्रिकेटच्या कार्डायचा डबा निघाला बाई. भंगारवाल्याले देऊ का ठेवू?" मी म्हटलं, ठेव, मी येते. रविवारी यवतमाळहून नेरला, तिथून गावी गेले आणि डबा मांडीवर घेऊन परत आले. "उघडून तं पाह्य," असं भाऊ म्हणत होता. पण तिथे गवंडी होते, सिमेंटची धूळ होती, आणि मला तो चार लोकांत उघडायचा नव्हता.

तेव्हा च्युइंगगमच्या पुडीत एका क्रिकेटवाल्याचं कार्ड यायचं. पुढे गुळगुळीत फोटो, मागे साध्या पुठ्ठ्यावर रन, विकेटा, कॅच. गावातली पोरं मागच्या आकड्यांवरून खेळून ती जिंकायची, हरायची, मारामाऱ्या करायची. मी नुसती जमवायचे. पोरीच्या जातीला हे कशाला, असं सगळ्यांनी विचारून झालं. तू विचारलं नाहीस. नेरच्या बाजाराला गेलीस की तू पुडी आणायचीस, आणि गम पोटात चिकटतो म्हणून मला न देता बसमध्ये स्वतःच चघळत यायचीस. फाट्यावर उतरताना तुझं तोंड हलत असायचं आणि कार्ड पिशवीत कोथिंबिरीच्या वर, दुमडू नये असं ठेवलेलं. दुकानात तू एकेक पुडी उजेडात धरून बघायचीस म्हणे. दुकानदार वैतागायचा, "बाई, साऱ्या सारख्याच हायेत." त्यावर तू, "तुले काय मालूम?" एवढं करून दर खेपेला तोच एक मिशीवाला निघायचा. माझ्याकडे त्याची गड्डी झाली होती. तुला वाटायचं, पोरीला तोच आवडतो.

मी ती कार्डं देशाप्रमाणे लावायचे आणि प्रत्येक देशाला एक रबर. फार ऐट होती मला त्या रचनेची. मग एका उन्हाळ्यात डबा उघडला तर दोन-तीन कार्डांचे कोपरे कसरीनं खाल्लेले. मी घर डोक्यावर घेतलं. तू कोपरा निरखून पाहिलास, बोटानं चाचपलास आणि म्हणालीस, "रडू नको. मी करतो बंदोबस्त." तुझा बंदोबस्त म्हणजे काय, हे मला त्याच वेळी विचारायला हवं होतं. पण सुट्टी लागली होती, मामा न्यायला आला होता, आणि मी कळंबला निघून गेले. चिंतामणीच्या देवळाच्या पायऱ्या उतरताना आणि चढताना माझ्या डोक्यात कसर नव्हती, कार्डंही नव्हती.

इकडे तुझे डाळीचे दिवस. घरची तूर भरडून झाली, पाखडून झाली, की तू अंगणात गोणपाटावर बसायचीस आणि डाळीला एरंडीच्या तेलाचा हात लावायचीस. वाटीत बोटं बुडवायची, तळव्याला तळवा चोळायचा, मग डाळ खालीवर करायची. ऊन द्यायचं, कडुलिंबाचा पाला घालायचा आणि कोठीत भरायची. तुझ्या डाळीला कधी कीड लागली नाही, हे गावात कुणालाही विचारावं. दुसऱ्यांच्या घरी डाळ शिजताना तू वास घ्यायचीस आणि तेल कमी लावलंय की नाही ते घरी येऊन सांगायचीस.

मी कळंबहून येते. चपला काढून आधी डब्याकडे जाते. झाकण उघडते, तर वर कडुलिंबाचा पाला, आणि खाली सगळे देश चकाकतायत. मागचे पुठ्ठे पिवळे पडलेत, आकडे आरपार दिसतायत. हाताला तेल लागतं.

"हे काय केलं माय?"

"तेल लावलं. एकेकाले लावलं, दोन्ही अंगानं. आता नाई लागत कसर."

"कागदाले तेल लावते का कोणी?"

"काहून? डायीले लावतो तं डाय टिकते ना वर्सभर."

तुझ्या चेहऱ्यावर इतका भाबडा विश्वास होता की मला ओरडताही येईना. मी मटकन बसले आणि रडायला लागले. तू गोंधळलीस. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं तुला. मग म्हणालीस, "रडून कायले राह्यली? चाल, ऊन देऊ त्यायले."

अंगणात खाट ओढली, वर जुनं धोतर अंथरलं आणि आपण दोघींनी कार्डं वाळत घातली. शेजारच्यांची बकरी दोनदा येऊन गेली. तिला हाकलत तू तिथेच बसून राहिलीस. दुपार कलली तसं उचलायला घेतलं. मी देशाप्रमाणे लावायला गेले तर तू माझ्या हातावर हळूच चापट मारलीस. "थांब, मले लावू दे." आणि तू तुझ्या पद्धतीनं निवडायला लागलीस. मिशीवाले एकीकडे. हसणारे एकीकडे. एक वेगळी चळत केलीस, तिच्याबद्दल विचारलं तर म्हणालीस, "हे उपाशी दिसते बिचारे." आपला की परका, फलंदाज की गोलंदाज, याच्याशी तुला घेणं नव्हतं. एका गोऱ्या पोराचं कार्ड तू बराच वेळ हातात धरलंस. "हा जावई कराले बरा हाय. दात सारखे हायेत." मी रुसलेली होते, तरी मला हसू फुटलं. ते कार्ड तू सगळ्यांत वर ठेवलंस आणि झाकण लावलंस.

त्याच वर्षी पोळ्यानंतर तू आजारी पडलीस. डोळे पिवळे झाले, मग नखं. दिवाळीच्या आत तू गेलीस. डबा माळ्यावर कुणी टाकला मला माहीत नाही. मी तो मागितला नाही. तुझ्या साड्या आत्यांनी, मावश्यांनी वाटून घेतल्या, तशी रीतच आहे. भिंतीवर तुझा फोटो लागला तो लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. स्टुडिओवाल्यानं तुला गोरी केली, मागे निळा पडदा टाकला आणि पदरामुळे झाकलेला कान स्वतःच्या मनानं काढला. मी त्या फोटोला हार घालते, माय, पण त्याच्याशी कधी बोलावंसं वाटत नाही. ती बाई कुणीतरी दुसरीच आहे.

आता मी एका लॅबमध्ये काम करते. लोकांचं रक्त काढते, नळ्यांवर लेबलं लावते, काचा पुसते, कुठली नळी कुठल्या खणात ते बघते. वस्तू नीट ठेवणं हाच माझा धंदा झाला, त्यामुळे डबा आणल्यावर मी सगळं रीतसर करायचं ठरवलं. कार्डं जमवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहिले. प्लास्टिकचे पातळ खिसे मागवले, खिशांची पानं घालायची फाइल मागवली, दमट हवा शोषणाऱ्या पुड्या टाकल्या. कार्ड उघड्या बोटांनी धरायचं नाही, रबर लावायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. यातलं आपण दोघींनी काहीच करायचं बाकी ठेवलं नव्हतं. आणि प्रत्येक व्हिडिओत एक गोष्ट सांगितलेली असते: ज्या कार्डाला तेल लागलं असेल ते बाहेर काढा, ठेवू नका, ते शेजारच्यालाही खराब करतं.

टेबलावर दिवा ओढून, लॅबसारखंच कापूस-स्पिरिट जवळ ठेवून, हातमोजे घालून बसले. दुसरं कार्ड घेतलं आणि उजेडात तिरकं धरलं, तेव्हा मला ते दिसलं. तेल घट्ट होऊन पिवळसर झालंय, त्यावर धूळ बसलीय, आणि त्या धुळीत फोटोच्या कडेला एक अंगठा आहे. एकेक रेघ मोजता येईल असा. आडवा एक छेद आहे, विळ्यावर तुझा अंगठा कापला होता तिथला. उलटून पाहिलं तर मागे पुठ्ठ्यावर बोटांचे गोल डाग. तिसऱ्या कार्डावर तसंच. मिशीवाल्यांच्या गड्डीतल्या प्रत्येकावर. मी हातमोजे काढले. मग ओक्साबोक्शी रडले. नवरा आतून आला, कार्डांकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास ठेवून गेला.

जगात तू एवढ्याच जागी उरली आहेस. भिंतीवरच्या फोटोत नाहीस. आणि ज्या कार्डांवर आहेस नेमकी तीच फेकून द्या म्हणतात. पुडीत आलेली चार-दोन कार्डं तुझ्या तेलातून सुटली होती, माळ्यावरच सापडलेल्या माझ्या शाळेच्या वहीत दबून राहिल्यामुळे. ती कोरी आहेत, नव्यासारखी. ती मी भावाच्या घरी देऊन टाकणार आहे. बाकीची तेलासकट खिशांत घातली. देशाप्रमाणे लावली नाहीत. मिशीवाले, हसणारे, उपाशी. फाइल पाहून कुणाला काही कळणार नाही. तेल एकाचं दुसऱ्याला लागलं तर लागू दे, माय. कसर मात्र खरंच लागली नाही. त्यानंतर एवढ्या वर्षांत आणखी एक कोपरा गेलेला नाही. तेव्हा तुला शाबासकी दिली नव्हती, ती आता देते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. मी अंगठा पाहिला तो दुसऱ्या कार्डावर. त्याआधी पहिलं हातात आलं होतं, सगळ्यांत वर तू ठेवलेलं, जावयाचं. ते चिकट लागलं, आणि हात सवयीनं स्पिरिटच्या बोळ्याकडे गेला. दिवसभर मी हेच करते. दोनदा फिरवला. फोटो लख्ख निघाला, दात सारखे दिसायला लागले, आणि तुला त्या कार्डावरून मी माझ्या हातानं पुसून टाकलं.

तो बोळा मी टाकलेला नाही. लॅबमधल्या नमुन्याच्या डबीत घालून झाकण घट्ट लावलंय. वर लेबलही चिकटवलं. त्यावर काय लिहायचं ते अजून मला सुचलेलं नाही.