धम्मदीपला आणायला एकटीच जा

अर्विंग, टेक्सास

आयुष्मती मीरास सप्रेम जयभीम.

फोनवर मला रडू येतं, म्हणून नागपूरला निघालेल्या राकेशजवळ ही चिठ्ठी देतो. लेकीकडे मी बरा आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

आपल्या धम्मदीपचा व्हिसा संपला होता. त्याला पकडलं, आता परत पाठवताहेत. कोठडीत काचेपलीकडून भेटला. जेवतो म्हणाला, पण वाळला आहे. बेड्या घालताना भन्तेंनी रक्षणासाठी मनगटावर बांधलेला परित्राणाचा दोरा कापून टाकला. "बाबा, विमानातही बेड्या असतील. आईला सांगू नका."

तरी सांगतो. तो येतोय कळलं की सारी वस्ती हार घेऊन विमानतळावर धावेल. कुणाला कळवू नकोस. मनगटावर वळ दिसले तरी तिथे रडू नकोस, मीरा. त्याला आधी घरी आण.

तुझा,
ज्ञानदेव