आबांच्या उरलेल्या गोळ्या

आई, आज साताऱ्याच्या प्रयोगशाळेत मी तुझी आठवण काढली नव्हती, तूच येऊन उभी राहिलीस. आम्ही उंदरांना केमोचं औषध देतो आणि सोबत अँटिऑक्सिडंट देऊन बघतो, केमोनं बधिर होणाऱ्या पंजांच्या नसा वाचतात का. इतकी वर्षं मी नरच घेत आले. माद्यांच्या अंगातलं चक्र दर चार दिवसांनी फिरतं, आकडे डळमळतात, कोण उस्तवार करणार? बाई असून मी हे बिनदिक्कत म्हणत आले. यंदा पहिल्यांदा माद्या घेतल्या. नरांचे पंजे बरेचसे वाचले. माद्या मात्र गरम पत्र्यावरून पाय उचलायला उशीर करत होत्या. एवढ्यावरून माणसांचं काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तरी मला तुझा तवा दिसला.

आबांची केमो तुझ्या आधीची. त्यांच्या डॉक्टरांना विचारून मी अशाच अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, आणि आबा पडले फौजी, शेवटच्या सलाईननंतरही शर्टाची बटणं स्वतः लावून एसटीनं आष्ट्याला घरी आले. तुझ्यावर वेळ आली तेव्हा त्यांचीच उरलेली बाटली मी तुझ्या उशाशी ठेवली. त्याच गोळ्या, तेवढ्याच. तुझ्या डॉक्टरांच्या कानावरही घातलं नाही. घरात औषधांचं शिकलेली मी एकटी, मला कोण अडवणार होतं?

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. तू भाकरी उलटतेस. नेहमीसारखी बोटांनीच, उलथनं तुला कधी लागलं नाही. बोटं तव्याला टेकलेली राहतात आणि तुला पत्ता नसतो, वास मला आधी येतो. मी तुझा हात ओढून पाण्यात बुडवते आणि ओरडते, "लक्ष कुठं असतं तुझं? आबांना झालं का असलं काही?"

तू बोटांकडं बघत म्हणतेस, "तुजं आबा गडी मानूस. माज्या अंगाला ती गोळी लागू पडत नसंल. डाक्टरास्नी इचार की एकदा."

मी हसले. आता तू मला शिकवणार का, म्हणाले. तू करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतलीस.

पुढच्या आठवड्यात सांगलीला डॉक्टरांनी विचारलं, "हातापायाला मुंग्या, बधिरपणा?" तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हणाले, "नाही, काही त्रास नाही." मला भीती त्या बाटलीची होती. तू फोड आलेला हात पदराखाली घेतलास. खरं सांगितलं असतं तर त्यांनी डोस कमी केला असता, नाहीतर औषध बदललं असतं. तू गेलीस ती आजारानं, माझ्यामुळं नाही, असं आबा म्हणतात. पण शेवटच्या वर्षी तुझ्या हातून घास निसटायचा, नातीची वेणी घालायला बसलीस की केस सुटून जायचे, आणि तूच ओशाळून हसायचीस. लाज मला वाटायला हवी होती, ती तू सोसलीस.

हे पत्र वहीतच राहील. एक मात्र सांगते. आज प्रयोगशाळेत आमच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, यंदा माद्या घ्यायचं कसं सुचलं. तुझं ते 'गडी मानूस'चं बोलणं ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "वाचनात आलं होतं."