मालगाव बांधला जेवायचं कुठं

महाल, नागपूर
१८ नोव्हेंबर १९७७

ती. देवाजीमामांना,
पुष्पलताचा सा. न. वि. वि.

दिवाळीत तुम्ही आला नाहीत म्हणून आई रुसली आहे. तिनं चिवड्याचा डबा तुमच्या नावानं वेगळा ठेवला होता. शेवटी तो आमच्या ह्यांनीच संपवला.

पत्राला कारण शाळेचं आहे. आठवीच्या बेचाळीस मुलींना घेऊन मी ११ डिसेंबरच्या रविवारी मालगाव बांधच्या तलावावर येणार आहे. पक्षी बघायचे, बांधावर फिरायचं आणि संध्याकाळच्या आत परत निघायचं. मागच्या वर्षीच्या सहलीत शिळं खाऊन अकरा मुली आजारी पडल्या आणि बोलणी मी खाल्ली. म्हणून या वेळी आधीच विचारते. तुमच्या गावात एवढ्या मुलींना ताजं, स्वच्छ जेवण कुठं मिळेल? मामी गेल्यापासून तुम्ही बारा वर्षं बाहेरच जेवता. तुमच्याइतकं हे कोणाला माहीत असणार?

तब्येतीला जपा आणि उत्तर लवकर टाका. आईचा राग पुढच्या पत्रापर्यंत टिकणार नाही.

तुमची,
पुष्पा

*

मालगाव बांध
२४ नोव्हेंबर १९७७

चि. पुष्पास,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

तू मास्तरीण झाली तरी मामाले खाण्याचंच विचारतेस, हे वाचून बरं वाटलं. ऐक आता.

गावात जेवायच्या जागा तीन. पहिली डाकबंगल्यावर. तिथला खानसामा साहेबाची चिठ्ठी असल्याशिवाय चूल पेटवत नाही. दुसरी बस स्टँडवरचं बळीराम सेठचं भोजनालय. टेबल-खुर्च्या आहेत, पंखा आहे, पण डाळ सकाळची संध्याकाळी अन् संध्याकाळची सकाळी. तिसरी जागा माझ्या घरासमोर, रस्त्याच्या पल्याड. गोपिकाबाई अन् तिचा नवरा रुपराव चिंचेखाली मांडव टाकून खानावळ चालवतात. तो पहाटे जाळं टाकतो, ती रांधते. मरळीचा झोल, रस्सा म्हण, असा की माणूस बोलायचं विसरते. मुली मासे खात नसतील तर भात, लाखोरीची डाळ, वांग्याचं भरीत. मी तिथंच जेवतो. बाई मले विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा भात वाढते, मामी वाढायची तसा.

एक सांगून ठेवतो. बळीरामची माणसं स्टँडवर उभी राहून गाड्या वळवतात. गोपिकाबाईकडं पाहुणे जातात हे त्याच्या डोळ्यांत खुपून राहिलं. मागच्या महिन्यात त्याच्या पुतण्यानं, दशरथनं, एका भजेवाल्याचा हात उकळत्या कढईत दाबला. त्या भजेवाल्यानं गाव सोडलं. पण तू काही मनात आणू नको. शाळेच्या पोरी सोबत असल्यावर कोणाची हिंमत होत नाही. अन् मी आहोच. पंगतीत वाढायले मी सोता उभा राहीन.

गोपिकाबाईले सांगून ठेवलं आहे. तुझ्या आईचा राग पाठवून दे, इथं तलावात बुडवू.

तुझा मामा,
देवाजी

*

महाल, नागपूर
१४ डिसेंबर १९७७

ती. मामांना,
सा. न.

सुखरूप पोचलो असं लिहायची हाताला सवय आहे. या वेळी तसं लिहिता येत नाही.

तुम्ही सकाळी बांधावर भेटलात, मुलींना बदकं दाखवलीत, मग हात-पाय धुऊन येतो म्हणून घरी गेलात. पुढचं मी लिहिते. तुम्ही ते पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

सकाळी स्टँडवर उतरल्याबरोबर दशरथनं मला सांगितलं होतं की टेबलं पुसून ठेवली आहेत, मुलींना तिकडं आणा. मी म्हटलं की आमचं जेवण गोपिकाबाईकडं ठरलं आहे. तो हसून म्हणाला की बाई, एकदा विचार करा. मी विचार केला नाही. तुमचं पत्र माझ्या पिशवीत होतं.

मुलींचा पहिला भात संपला होता. गोपिकाबाई कढईत वांग्याचे काप तळत होती. पाच जण आले. दोघांकडं लाठ्या, एकाकडं सायकलची साखळी, दशरथच्या हातात लोखंडी सळई. बळीराम सेठ मागं रस्त्यावर उभा होता, पांढऱ्या धोतरात. त्यांनी काही विचारलं नाही. पहिल्यांदा वरणाचं भगोणं लाथेनं उलटवलं. ते उकळतं वरण एका मुलीच्या पायांवर गेलं. मुली पत्रावळी सोडून एकमेकींच्या अंगावर पडत पळाल्या. मी त्यांना मागच्या गोठ्यात ढकललं आणि तोंडाशी आडवी उभी राहिले. साखळी माझ्या खांद्याला लागली, पण ती मला मारलेली नव्हती, खांबावरून उसळून आली होती.

रुपराव हात जोडून म्हणत होता की लेकरायले जाऊ द्या, मग मले काय करायचं ते करा. त्याच्या तोंडावर लाठी बसली. दात पडलेले मी पाहिले. गोपिकाबाईनं कढई दोन्ही हातांनी उचलली आणि तेल समोरच्याच्या छातीवर टाकलं. तो माणूस असा ओरडला की अजून माझ्या कानात आहे. तिचे स्वतःचे तळवे कढईला चिकटले होते. तेवढ्यात रुपराव रस्ता ओलांडून तुमच्या ओट्यावर चढला आणि दार ठोकू लागला. दशरथनं त्याला तिथंच गाठलं. सळईचे तीन घाव डोक्यात घातले. तिसऱ्यानंतर तो ओट्यावरून खाली पडला.

मामा, तुमच्या चपला ओट्यावर होत्या. दार आतून बंद होतं.

मी ठाण्यात बयान देऊन सही केली आहे. मुलीच्या पायांवर फोड आले आहेत, तिचे वडील माझ्याशी बोलत नाहीत. रुपराव कसा आहे ते कळवा. आणि तुम्ही कुठं होता तेही कळवा.

पुष्पलता

*

मालगाव बांध
२० डिसेंबर १९७७

चि. पुष्पास,
अनेक आशीर्वाद.

रुपराव परवा भंडाऱ्याच्या दवाखान्यात वारला. शुद्धीवर आलाच नाही. लेकरं लहान, गोपिकाबाईच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, म्हणून तिच्या दिरानं पाणी सोडलं.

मले त्या दिवशी अचानक थंडी वाजून ताप भरला होता. गोधडी घेऊन पडलो, काही ऐकू आलं नाही.

आता माझं ऐक. बळीरामचा माणूस येऊन विचारून गेला की ती मास्तरीण तुमची भाची ना. पाच जण पकडले, पण तो अन् दशरथ जामिनावर सुटतील असं सारे म्हणतात. तू बयान बदलून टाक. धूर होता, गर्दी होती, कोणी मारलं ते दिसलं नाही, एवढं म्हटलं की झालं. तुले संसार आहे, नोकरी आहे. मेलेला माणूस तुझ्या साक्षीनं उठून बसणार नाही.

रागावू नको. तुझ्या काळजीनं लिहितो.

देवाजी

*

महाल, नागपूर
२९ जानेवारी १९७८

ती. मामांना,
नमस्कार.

तुमच्या पत्राला उत्तर देऊ नये असं वाटलं होतं. पण घडलेलं कोणाला तरी सांगायला हवं, आणि आईला हे सांगता येत नाही.

मोटारसायकलवर दोघे शाळेच्या फाटकाशी आले होते. त्यांनी चपराशाला सांगितलं की बाईंना म्हणा, पोरी सांभाळायचं काम करा, कोर्टाचं नको. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून सुचवलं की काही महिने रजा घ्यावी. मी घेतली नाही. मागच्या मंगळवारी हे सायकलवरून कचेरीतून येत होते. आमच्याच बोळाच्या तोंडाशी त्यांना पाडलं आणि बुटांनी तुडवलं. दोन फासळ्या मोडल्या, कानातून रक्त आलं. दिवसाउजेडी, पानठेला उघडा असताना. जाताना एकानं वाकून सांगितलं की बायकोले समजव.

मी घरी आले तेव्हा ते खाटेवर होते. मला वाटलं की आता तेही तुमच्यासारखंच म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं की खटल्याची तारीख कधी लागते. नंतर म्हणाले की एवढा मार खाऊन आता तू गेली नाहीस, तर मी कशासाठी खाल्ला.

गोपिकाबाई परवा एस. टी.नं इथं आली होती. कपाळ मोकळं, तळहातांची कातडी लाल आणि आखडलेली. मूठ वळत नाही. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. दारातच उभी राहून विचारलं की बाई, साक्षीले तुम्ही येऊन राहिल्या ना? मी हो म्हटलं. ती निघाली. जिन्यात थांबून म्हणाली की देवाजीभाऊ बारा वर्षं माह्याकडं जेवले, पण आता रस्त्यानं जाताना मान वर करत नाहीत. काहून, ते तुम्ही विचारा.

मामा, मी विचारते. तापाचं मला पुन्हा लिहू नका.

पुष्पलता

*

मालगाव बांध
१७ ऑगस्ट १९७८

चि. पुष्पास,
आशीर्वाद.

सहा महिने तुझं पत्र घडी करून खिशात ठेवलं. तारीख लागल्याचं कळलं. आता लिहितो.

ताप नव्हता. मी हात धुऊन धोतर बदलून निघतच होतो. दार अर्धं उघडलं अन् दशरथ दिसला, हातात सळई. मी दार लावून अडसर घातला. फळीच्या फटीतून सारं पाहत उभा राहिलो. तू गोठ्यासमोर उभी होतीस तेही पाहिलं. तुझ्या खांद्याले साखळी लागली तवा मी अडसराले हात घातला अन् काढून घेतला.

मग रुपराव आला. दोन्ही हातांनी दार ठोकून राहिला होता. तो म्हणत होता, देवाजीभाऊ, मी हो, रुपराव. दार उघडा. त्याले वाटलं असन की मी ओळखलं नाही. आमच्यात चार बोटं जाडीचं लाकूड होतं. बळीराम रस्त्यावरून दशरथले म्हणाला की डोक्यावर घाल, हात-पाय तोडून काय करतो. ते मी स्पष्ट ऐकलं. मग पहिला घाव. दाराच्या खालून रक्त आत आलं अन् मी मागं सरकलो. धोतराले लागू नये म्हणून सरकलो, पुष्पे. माणूस मरून राहिला होता अन् मी धोतर सांभाळलं.

बळीराम असं बोलला हे माझ्याशिवाय कोणी ऐकलं नसावं. तू गोठ्याकडं होतीस. मी काल ठाण्यात जाऊन सारं लिहून दिलं. ठाणेदार म्हणाले की आठ महिने काय करत होते. मी म्हटलं की भीत होतो. त्यायनं तसंच लिहून घेतलं.

भंडाऱ्याले तुझ्याआधी माझी साक्ष आहे. मले पाहून तोंड फिरवलंस तरी चालन. जावयाच्या फासळ्या कशा आहेत ते मात्र कळव.

देवाजी

*

मालगाव बांध
२६ नोव्हेंबर १९७८

चि. पुष्पास,
उजव्या हाताचे आशीर्वाद. डावा अजून पट्टीत बांधलेला आहे.

कोर्टात तू माझ्याजवळ येऊन बसलीस, ते मले पुरलं. बळीरामच्या वकिलानं मले भित्रा म्हटलं, खोटारडा म्हटलं. पहिलं खरं होतं म्हणून मी मान्य केलं. त्यामुळं दुसरं कोणाले पटलं नाही.

निकाल तू पेपरात वाचलाच असशीन. दशरथले जन्मठेप, बळीरामले दहा वर्षं, साखळीवाल्याले दोन, बाकी दोघं सुटले. त्या सुटलेल्या दोघांनी आठवड्यानं मले बाजारात धरलं. शुक्रवारचा भर बाजार होता. हात मागं पिळून मोडला, तो मोडल्याचा आवाज मीच ऐकला. मग तोंडावर मारलं. भाजीवाल्यायनं पालाखाली माना घातल्या. मले त्यायचा राग आला नाही. तक्रार मात्र दिली. ते दोघं आता पुन्हा आत आहेत.

दवाखान्यातून आलो त्या दुपारी गोपिकाबाईकडं गेलो. तिनं पुन्हा मांडव टाकला आहे. मूठ वळत नाही म्हणून झारा मनगटाले फडक्यानं बांधून रांधते. तुझ्या शहरातले लोक बसले होते, झोल वाहून राहिला होता. मी टोकाले बसलो. पत्रावळ समोर ओढली.

ती आली. हात मोडलेला पाहिला, तोंड पाहिलं. म्हणाली, भाऊ, साक्ष दिली, लई चांगलं केलं. लेकरायच्या बापाले न्याय भेटला, तो तुमच्यामुळं भेटला. हे मी गावात सगळ्यायले सांगते. पण तुमच्या पानात वाढायले माहा हात उचलत नाही. तुम्ही घरी जा.

तिच्या आवाजात राग नव्हता. मी पत्रावळ उचलून तिच्या हाती दिली, कोरीच होती, दुसऱ्याच्या कामी येईन. घरी आलो अन् एका हातानं तांदूळ धुतले. पहिल्या दिवशी भात करपला. आता बरा जमतो.

येत्या सहलीचं तू विचारलं आहेस. मुलींना घेऊन ये, अन् गोपिकाबाईकडंच जेव. गावात त्याहून चांगलं कुठंच मिळत नाही. जेवण झाल्यावर वेळ उरला तर पाच मिनिटं माझ्याकडं डोकावून जा.

आईले सांग, मी बरा आहो.

तुझा मामा,
देवाजी