यहूदाची पाठ

४ फेब्रुवारी

मेलो! शोधनिबंधाला बाईंनी नेमकं तेच चित्र दिलं — आमच्या चर्चच्या भिंतीवरचं, प्रभूच्या शेवटच्या भोजनाचं. अकरा शिष्य समोर बघतायत, यहूदाची तेवढी पाठ. बाई म्हणाल्या, "अनाम चित्रकारानं विश्वासघातक्याचं तोंड जगापासून लपवलं. ही करुणा!" वर्गातली पोरं माना डोलवत लिहून घेत होती. मीही लिहिलं. काय करतो!

करुणा कसली डोंबलाची. पस्तीस वर्षांपूर्वी त्या भिंतीला पोपडे आले, म्हणून फादरनी डागडुजीला मला बोलावलं. मी साधा रंगारी. शिडी घसरली आणि चुन्याचा कुंचला थेट यहूदाच्या तोंडावर! वर केस रंगवून टाकले, झाला पाठमोरा. फादरांची नजर अधू. खपलं.

५ फेब्रुवारी

दोन घास गेले नाहीत. ही म्हणाली, पित्त असेल.

९ फेब्रुवारी

लेकीला सांगितलं. ती म्हणते, बाबा, गप्प बसा. घरी बसून बी.ए. केलंत, अडुसष्टाव्या वर्षी एम.ए. होताय, आपल्याच पायावर धोंडा कशाला?

बरोबर आहे तिचं. पण बाईंच्या पुस्तकात त्या पाठीवर अख्खं प्रकरण आहे, महिनाअखेर छापायला जातंय. बोललो तर निबंधाचा विषयच गेला, माझी पदवी पाण्यात. नाही बोललो तर बाई जन्मभर माझ्या चुन्यावर व्याख्यानं देणार.

१२ फेब्रुवारी

आज चित्रांतलं पाप आणि कबुली यांवर तास. बाई सारख्या माझ्याकडेच बघत होत्या. मी वहीत तोंड खुपसलं. चोराच्या मनात चांदणं! तास संपल्यावर जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "काका, एक चष्मा डोळ्यावर आहे, दुसरा कपाळावर."

१७ फेब्रुवारी

सांगितलं. शिडीसकट सगळं.

बाई रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. टेबलावरची पेनं सरळ करत बसल्या. मग म्हणाल्या, "बारा वर्षं लिहीत होते हो मी ते." उद्या प्रकरण मागे घेणार. माझ्या निबंधाचं मी विचारलंच नाही. कुठल्या तोंडानं विचारू!

१८ फेब्रुवारी, सकाळ

चहा घेताना हिला सगळं सांगितलं. ही मटार सोलत होती, सोलतच राहिली.

"अहो, पण तोंड तुम्ही परत काढलं होतंत की. डबा घेऊन आले तेव्हा पाहिलं मी. चांगलं जमलं होतं. तुम्हीच पुसलंत नि वर केस रंगवलेत. म्हणालात, बिचाऱ्याकडे दर रविवारी सगळ्यांनी बघत बसायचं, नको."

मला काही म्हणजे काही आठवेना.

"वाईट तेवढं बरं लक्षात राहतं तुमच्या," ही म्हणाली.

बाई फोन उचलत नाहीत. हिला घेऊन कॉलेजात निघालोय — मटार तसेच टाकून.