झऱ्याच्या वरचं चेस्टनट

मी, आर्व्हिल बर्ल स्टेमी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा जमीन-मोजणी, राहणार कचेरीच्या मागची गल्ली, टॉलिव्हर गॅप, बेल्चर काउंटी, नॉर्थ कॅरोलिना, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, दिवसाउजेडी, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल काही विचारत नाही. यापूर्वी मी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. दोन्ही भित्र्या माणसाने लिहिलेली होती.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या काउंटीत माणूस मेला की त्याचं मृत्युपत्र कचेरीत जातं आणि कारकुनाला ते मोठ्या पुस्तकात शब्दन् शब्द उतरवून घ्यावंच लागतं. आवडो न आवडो. वर्तमानपत्राचा संपादक माझं पत्र केराच्या टोपलीत टाकू शकेल, पाद्री मला 'जाऊ दे, आर्व्हिल' म्हणू शकेल. कारकून तसं करू शकत नाही. म्हणून जे तेहतीस वर्षं पोटात ठेवलं ते मी इथे लिहितो आहे.

कलम पहिले. राहतं घर, त्यातली खाट, कपाट आणि चूल माझा पुतण्या हॉइट स्टेमी याला द्यावी. घर पाडून तिथे पेट्रोल पंप टाकायचा त्याचा विचार आहे, हे मला ठाऊक आहे. हमरस्ता गावाला वळसा घालून गेल्यापासून इथून आठवड्यात चार अनोळखी गाड्या जातात, त्यातल्या दोन वाट चुकलेल्या असतात. हॉइट, पंप टाकच. पण मागचा आड बुजवायचा नाही, ही अट आहे. कारण पुढे येईल.

कलम दुसरे. काउंटीच्या बोर्डाने १९३९ साली 'गावाच्या सेवेबद्दल' मला दिलेलं चांदीचं घड्याळ बोर्डाला परत करावं. ते मी एकदाही किल्ली देऊन चालवलं नाही.

ते का मिळालं, ते सांगतो.

आमचं गाव वसलं तेच मुळी एका खेचरामुळे. काउंटीची कचेरी कुठे बांधायची ते ठरवायला पंच निघाले होते, आणि इथल्या खिंडीत त्यांचं खेचर मेलं. पुढे चालत जाण्याचा कोणालाच उत्साह नव्हता. ही हकीकत खोटी आहे असं शेजारच्या मिलर्स बेंड गावचे लोक म्हणतात, पण त्यांना पहिल्यापासूनच आमची कचेरी डोळ्यांत सलत होती. त्यांच्याकडे रेल्वे होती, सपाट जमीन होती. आमच्याकडे फक्त कचेरी होती. १८८९ साली ती जळाली तेव्हा गावच्या बायकांनी खरेदीखतांची पुस्तकं गोधड्यांत बांधून बाहेर काढली. त्यात माझी आई होती, सात महिन्यांची पोटुशी. तेव्हा पोटात असलेल्या माझ्या भावाला तिने 'रेकॉर्ड' म्हणूनच हाक मारली. ती पुस्तकं अजून उघडली की धुराचा वास येतो.

कोर्टाचा आठवडा म्हणजे आमची जत्रा. डोंगरातून गाड्या यायच्या, चौकात घोड्यांचे सौदे व्हायचे, कचेरीच्या पायऱ्यांवर बायका आल्याचा केक विकायच्या आणि खटला हरलेला माणूस जिंकलेल्याला बाहेर गाठायचा. मग दोघांना एकाच पिंपाचं पाणी पाजून घरी पाठवायचे. त्या आठवड्यावर आम्ही वर्षभर जगायचो. कचेरी गेली की गाव गेलं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं.

१९३८ साली सरकार नवी कचेरी बांधून देणार होतं. अट एकच, गावाला नळाचं पाणी हवं. मिलर्स बेंडकडे नदी होती. आमच्याकडे, कामाला येईल असा, एकच झरा होता. तो क्लीट हेन्सलीच्या जमिनीत होता.

क्लीट माझा साखळीवाला. अठरा वर्षं मोजणीच्या साखळीचं एक टोक त्याच्या हातात होतं, दुसरं माझ्या. असा माणूस पुन्हा मिळाला नाही. चढावर साखळी सैल सोडून कड्या चोरायचं त्याला जमतच नव्हतं. त्या झऱ्यावर त्याची आई, डोव्हीबाई, दूध-लोण्याची भांडी गार ठेवायची. तिने बोर्डाला विकायचं साफ नाकारलं. "तुम्ही पाणी न्या की बादलीनं, मी कधी नाही म्हटलंय? पण झरा माझा आहे, माझ्या सासऱ्यानं घेतलाय."

बोर्डाचे अध्यक्ष होबार्ट क्रिस्प माझ्याकडे आले. लाकडाच्या वखारीचे मालक. शेजारची, वरच्या अंगाची जमीन काउंटीची होती, आणि दोन्हींमधल्या हद्दीची खूण खरेदीखतात लिहिली होती ती अशी: 'तिथून चढाने एका मोठ्या चेस्टनटच्या झाडापर्यंत.' रोग आला आणि आमच्या डोंगरातलं एकूण एक चेस्टनट दहा वर्षांत वाळून गेलं. हेही वाळलं, तोडलं, आणि चौतीसच्या पुरात दरड येऊन ती जागाच दगडमातीखाली गेली. झाड झऱ्याच्या वर होतं असं ठरलं तर झरा हेन्सलींचा. खाली होतं असं ठरलं तर काउंटीचा.

"झाड कुठं होतं ते दोघांनाच माहीत आहे," क्रिस्प म्हणाले. "त्यातला एक हेन्सली आहे. त्याचं कोण ऐकणार? आता तूच सांग आर्व्हिल, आपलं गाव राहायचं की नाही?"

झाड झऱ्याच्या वर होतं. १९२४ साली मी आणि क्लीटने ती हद्द मोजली, त्याच्या सालीवर तीन घाव घातले, आणि त्याच्याच सावलीत बसून मक्याची भाकर नि ताक घेतलं. वरून चेस्टनटची बोंडं टोपीवर पडत होती. क्लीट म्हणाला होता, "हे झाड आपल्या दोघांना पुरून उरेल बघ."

कोर्टात मी बायबलवर हात ठेवला आणि सांगितलं, झाड झऱ्याच्या खाली होतं. न्यायाधीशांनी १९२४ची नोंदवही मागितली. मी म्हणालो, पुरात गेली.

क्लीट ओरडला नाही. बाहेर व्हरांड्यात माझ्यासमोर उभा राहिला, टोपी हातात.

"आर्व्हिल, नीट आठव. आपण जेवायला बसलो होतो तिथं. पाणी आणायला मी खाली उतरलो होतो. खाली उतरलो होतो ना रे मी?"

"मला तसं आठवत नाही, क्लीट."

"बरं," तो म्हणाला. "बरं." आणि टोपी घालून पायऱ्या उतरला. त्या दिवशी चौकातल्या लोकांनी मला खांद्यावर घेतलं.

नवी कचेरी झाली, नळ आले. डोव्हीबाई त्याच हिवाळ्यात गेल्या. क्लीटने उरलेलं विकलं आणि बायको-मुलीला घेऊन खाली सपाटीवर सूतगिरणीत गेला. डोंगरातला माणूस, छपराखाली बारा-बारा तास उभा. १९५२ साली छातीच्या दुखण्याने गेला. मी अंत्यविधीलाही गेलो नाही.

कलम तिसरे. ती नोंदवही पुरात गेलेली नाही. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे मेणकापडात गुंडाळलेली आहे. ती खरेदीखतांच्या दप्तरात जमा करावी. पान एकेचाळीस.

कलम चौथे. माझी बायको ऑर्फा, जिने मला अडतीस वर्षं 'मिस्टर स्टेमी' म्हणूनच हाक मारली, तिच्या शेजारची जागा मी विकत घेतलेली आहे, तिथे मला पुरावं. पण दगडावर 'गावाचा सेवक' वगैरे काही कोरायचं नाही. नाव आणि दोन तारखा बास. ऑर्फाने नळाचं पाणी कॉफीला कधी घेतलं नाही. शेवटपर्यंत मागच्या आडावरून बादली आणत राहिली, कंबर वाकली तरी. मी एकदा चिडलो. "अगं, घरात नळ आहे, मग हा कसला हट्ट?" ती म्हणाली, "मला त्याची चव नाही आवडत, मिस्टर स्टेमी." एवढंच. मी तिला काही सांगितलं नव्हतं. म्हणून तो आड बुजवायचा नाही.

कलम पाचवे. पासष्ट साली गावाला धरणाचं पाणी आलं आणि झऱ्याची गरजच संपली. बोर्डाने ती जागा लिलावात काढली. बोली लावणारा मी एकटा. झरा आणि त्याभोवतीची साडेचार एकर जमीन, आता कायद्याने माझ्या नावावर आहे, ती क्लीटची मुलगी झेटी हेन्सली बोमन हिला मिळावी. मी ती तिला 'देत' नाही, हे कारकुनाने ठळक लिहावं. जे तिचंच आहे ते देणारा मी कोण? तिच्या आजीचं थडगंही तिथेच आहे. बँकेत जे असेल त्यातून क्लीटची शवपेटी वर आणून त्याच्या आईशेजारी पुरावी, झेटीची परवानगी असेल तरच. नसेल तर ती रक्कम वाचनालयाला.

मागच्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे जाऊन आलो. बसने, एक पूर्ण दिवस. मनाशी ठरवून गेलो होतो की सांगायचंच. झेटी आता पन्नाशीची आहे, स्वतः गिरणीत आहे, कानाला कमी ऐकू येतं. तिने मला दारात ओळखलं. "या या, स्टेमीकाका! बाबांच्या खुर्चीत बसा." मी काठावर टेकलो. तिने बटाट्याची भाजी केली, मक्याची भाकर केली, ताक दिलं.

मी म्हणालो, "झेटी, त्या खटल्याचं..."

"जाऊ द्या हो काका," ती मोठ्याने म्हणाली, बहिरी माणसं बोलतात तसं. "बाबा कधी तुम्हाला बोल लावायचे नाहीत. आईच तडतडायची, तो आर्व्हिल खोटारडा म्हणून. बाबा तिला गप्प करायचे. म्हणायचे, आर्व्हिल चुकला असेल. माणूस विसरतो. पण आर्व्हिल खोटं बोलायचा नाही."

मी भाकर संपवली. तिने कागदात बांधून आणखी दोन दिल्या, बसमध्ये खायला म्हणून. मी न सांगता परत आलो. इतका नालायकपणा मी कोर्टातही केला नव्हता. कोर्टात निदान गाव वाचवतोय अशी समजूत होती. झेटी, तुझे बाबा माझ्याबद्दल चुकले. त्यांच्या आयुष्यातली ती एकच मोजणी चुकली. मी विसरलो नव्हतो.

आणि गाव वाचलं का? कचेरी आहे. कोर्टाचा आठवडा आता दीड दिवसाचा झाला आहे. चौकात घोडे नाहीत, पोरं शिकून सपाटीवर जातात ती परत येत नाहीत. तरी मला हे गाव आवडतं, हे मी नाकारत नाही. शेजाऱ्याच्या दारात लाकडं संपलेली दिसली तर न विचारता भारा टाकून जाणारी माणसं आहेत. त्याच माणसांनी एका विधवेचा झरा घेतला आणि वर ढोल वाजवले, आणि त्यांच्या पुढे मी होतो.

कलम सहावे. माझं होकायंत्र सध्याच्या मोजणीदाराला. साखळी, सहासष्ट फुटी, शंभर कड्यांची, झेटीला. त्या साखळीचं एक टोक तिच्याच घरचं आहे.

कलम सातवे, आणि शेवटचे. माझा झुडपं तोडायचा लांब दांड्याचा कोयता कोणालाही देऊ नये. माझ्या शवपेटीत ठेवावा.

चेस्टनट वरून मेलं तरी मुळातून मरत नाही. १९४१च्या वसंतात मी सहज त्या बाजूला गेलो, आणि दरडीच्या दगडांतून, झऱ्याच्या वर एक साखळी चाळीस कड्यांवर, बरोबर जिथे होतं तिथे, पाच-सहा कोवळे कोंब वर आलेले होते. करवतीसारख्या कडांची लांब पानं. डोंगरातलं कोणीही लांबून ओळखेल. क्लीट तेव्हा जिवंत होता. मला फक्त त्याला पत्र टाकायचं होतं.

मी घरी गेलो, कोयता आणला आणि ते कोंब मुळापाशी छाटले. ते पुढल्या वर्षी पुन्हा आले. मी पुन्हा छाटले. तीस वसंत. मे महिन्यात ऑर्फा ओल्या बुटांकडे बघून विचारायची, "कुठं गेला होतात?" मी म्हणायचो, "फिरायला." ती कोयत्याकडे बघायची आणि चुलीकडे वळायची. जमीन माझ्या नावावर झाल्यावरही मी छाटत राहिलो, सवयीने म्हणा, शरमेने म्हणा. त्या झाडाने तीस वेळा खरी साक्ष दिली आणि तीस वेळा मी त्याचं तोंड बंद केलं.

यंदा मी छाटायला गेलो नाही. गुडघ्यांमुळे नाही. काठी टेकत काल वर जाऊन फक्त बघून आलो. कोंब माझ्या छातीला लागतात. रोग त्यांना पुन्हा गाठेल, चार-पाच वर्षांत सुकतील, आणि मग परत येतील. झेटी, तू वर ये. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची तुला काही गरज नाही. झऱ्यावर उभी राहा आणि चढाकडे बघ. तुझे बाबा पाणी आणायला खालीच उतरले होते.

सही: आर्व्हिल बर्ल स्टेमी

आम्ही खाली सही करणारे दोघे, आर्व्हिल स्टेमी यांनी आमच्या डोळ्यांदेखत वरील सही केली याचे साक्षी आहोत. मजकूर त्यांनी आम्हाला वाचू दिला नाही. म्हणाले, "कचेरीत वाचाल."

साक्षीदार: एल्डन प्रॉफिट, न्हावी, कचेरी चौक
साक्षीदार: मिस ऱ्होडा बर्लसन, वाचनालय

टॉलिव्हर गॅप, ता. ११ ऑगस्ट १९७१