साहेबांचे बूट आणि बाजाराची फरशी

भाद्रपद, १९४३. सांजवेळ.

बूट चिखलात भरतात म्हणून आमच्या साहेबांनी सोनारीच्या वाटेवरच्या बाजारात फरशी घातली, ओढा बुजवून दुकानं बांधली. काय ही अक्कल! पूर्वी मातीत मुरणारं पावसाचं पाणी आज फरशीवरून थेट खालच्या मोमीन गल्लीत शिरलं. विणकर रहीमचाचा मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यातलं पाणी लोट्यानं उपसत होते. मागावरचा अख्खा ताणा, सगळं उभं सूत, भिजलेला.

"हुजूर, ओढा मोकळा करा. लई नुकसान झालं."

पाहणीला आलेले साहेब वर फरशीवरच उभे होते; त्यांनी आधी आपले बूट बघितले. कोरडे होते.

"गल्लीच सखल आहे, आमचा काय कसूर?" मग माझ्याकडं वळून, "कारकून, रपोटात हेच लिहा."

चाचा माझ्याकडं बघत राहिले. मी लिहिलं, तेही वळणदार अक्षरात. बूट चाटायला जीभच लागते असं थोडंच आहे? लेखणीनंही भागतं.