साक्षी-काच

दि. ३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

उशिराबद्दल रागावू नकोस, रागवायचं काम सध्या मीच करते आहे. आमच्या अवकाश-दुर्बिणीचा आरसा बसवून झाला. ताऱ्यांचा अतिनील प्रकाश हवेमुळे जमिनीवर पोचत नाही, म्हणून ती वर जाऊन त्याचा वर्णपट काढणार. पण आरशावर डोळ्यांना न दिसणारा तेलाचा थर बसला तरी तो प्रकाश गिळतो, आणि वर जाऊन पुसणार कोण? म्हणून आम्हाला अत्तर, पावडर, मलम सगळं बंद.

आणि काल आमच्या प्रकल्पाचे साहेब फोटोत चेहरा यावा म्हणून मास्क खाली करून आरशासमोर उभे! केसांना तेल चोपडलेलं. किळस आली. आरशाशेजारी एक छोटी साक्षी-काच असते. आरशावर जे बसतं तेच तिच्यावर बसतं. ती तपासायला पाठवली आहे. नितळ निघाली तर आरसा स्वच्छ आहे अशी मी सही करायची. डाग निघाला तर साहेबांचं नाव लिहीन, सोडणार नाही.

कोरड्या हवेनं हात भेगाळलेत. तुझं मलम घरीच लावते, पण डबी तळाला गेली.

या चिडक्या पोरीवर लोभ जरा जास्तच ठेव.

तुझी,
बिटकी


दि. ९ मार्च

चि. बिटकीस,
अनेक आशीर्वाद.

वाचून मलाच ओकारी आली. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तीस वर्षं काढली, सगळ्यात घाण चादर नेहमी ऐटबाज खोलीतूनच यायची. डाग कशाचा, कुणाचा, हे चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय आम्ही चादर घेतच नसू. तूही साहेबांची चिठ्ठी लावच.

मेण आणि तिळाचं तेल आटवून नवं मलम करते आहे. जेवत जा, नुसती धुसफुसू नकोस.

तुझी आई


दि. १५ मार्च

ती. आईस,
सा. न.

काचेवर डाग निघाला. मधमाशांचं मेण आणि तिळाचं तेल. साहेबांचं काही नाही, सगळं माझ्या हातांचं. घरी लावलेलं मलम हातमोज्यांतून, बाह्यांतून गेलं. मी सगळ्यांसमोर साहेबांवर तोंड टाकलं होतं.

साहेब हसत आले. म्हणाले, तुमचं मलम, माझा फोटो, दोन्ही झाकू. तिच्या जागी कपाटातली कोरी काच ठेवा आणि सही करा. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि क्षणभर मला हायसं वाटलं. त्याचीच सर्वांत जास्त शिसारी आली. डाग तसाच गेला तर दुर्बीण वर जाऊन आंधळी. खरं लिहिलं तर आरसा उतरवून नवा मुलामा द्यायचा, वर्ष जाईल आणि बहुतेक माझी नोकरीही. सही सत्तावीस तारखेला. काय करू?

तुझी,
बिटकी


दि. २० मार्च

चि. बिटकीस,
आशीर्वाद.

आधी लिहिलं होतं, मुकाट सही करून टाक. ते पत्र पोस्टात टाकायला निघाले आणि दारातच स्वतःची घाण वाटली. फाडलं.

सोबत नव्या मलमाची डबी आहे. तू उघडू नकोस. डाग जुळवून बघायला त्यांना लागेल, अहवालाला जोड. झाकणावर चिठ्ठी चिकटवली आहे. डाग कशाचा ते मी लिहिलंय. कुणाचा, ती ओळ तुझ्यासाठी कोरी ठेवली आहे.

काहीही झालं तरी तुझीच,
आई